देव रागावतो का?

(लेंटच्या दिवसांत मंडळीच्या सायंकाळच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला विषय दिला तो 'देवाचा न्याय आणि देवाचा क्रोध'. विषय ऐकून आमच्या घरी मुलगी म्हणाली, "बाबा, लोक दिवसभर काम करून दमून येतात, त्यांना काहीतरी धीराचं सांगा." तिचे म्हणणे खोटे नाही. पण हा विषय मी टाळू शकत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका कातकरी वाडीवर एका आजींनी मला याच विषयावर प्रश्न विचारला होता, आणि त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आज निदान प्रयत्न तरी करतो.

मी गणिताचा शिक्षक. निवृत्त झाल्यावर आपल्या सेवाकार्यातल्या भावाबहिणींबरोबर महिन्यातून एकदा वाडीवर जाऊ लागलो. मुलांचा अभ्यास घ्यायचा, आजाऱ्यांची चौकशी करायची, शेवटी आंब्याखाली बसून एखादे गीत, थोडे वचन आणि प्रार्थना, असा आमचा क्रम असे. त्या दिवशी मी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. बोलण्याच्या भरात शेवटी म्हणालो, "आपला देव कोणावरही रागावत नाही. तो फक्त प्रेम करतो."

पुढे बसलेल्या आजींनी मान वर केली. म्हणाल्या, "कोनावरच नाय रागवत, गुरुजी?"

"कोणावरच नाही."

"शेटवर पन नाय?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, इतके ते पोकळ होते. आजी उठल्या, झोपडीत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. त्यांचा मुलगा आणि सून त्या वर्षी वीटभट्टीवर जाऊन आले होते. तुमच्यापैकी अनेकांना हा प्रकार ठाऊक आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची. दिवाळी झाली की टेम्पो येतो. नवराबायको, पोरेबाळे, कोंबड्या, भांडीकुंडी सगळे त्यात चढते. मग पाऊस येईपर्यंत माती कालवायची आणि विटा पाडायच्या. मजुरी हजार विटांवर ठरलेली. आठवड्याला बाजारापुरती खर्ची हातात पडते. हिशोब शेवटी.

आजी म्हणाल्या, "तुमी गनिताचे मास्तर ना? वाचा."

मी वाचले. जोडप्याने १ लाख विटा पाडल्या होत्या. हजारी ५०० रुपये दराने ५०,००० रुपये झाले. अवकाळी पावसात भिजलेल्या विटांचे ५,००० कापले होते. राहिले ४५,०००. चोवीस आठवड्यांची खर्ची २४,००० आणि उचल १५,०००. म्हणजे ६,००० रुपये हाती यायला हवे होते. पण वहीत शेवटी लिहिले होते, ९,००० रुपये बाकी. मी पुन्हा मागची पाने चाळली. पहिल्या पानावरची उचल पुढे 'मागील बाकी' म्हणून दुसऱ्यांदा धरली होती. १५,००० रुपये दोनदा वजा झाले होते. सहावीतल्या मुलालाही सापडेल अशी ती चूक होती. तिच्याखाली आजींच्या मुलाचा अंगठा होता.

मी वही मिटली आणि म्हणालो, "बघतो."

बंधुभगिनींनो, मी काहीच बघितले नाही. का, तेही सांगतो. त्या भट्टीवाल्याला मी ओळखत होतो. आमच्या प्रार्थनागृहाचे बांधकाम चालू होते, मी बांधकाम समितीत होतो, आणि त्याने आम्हाला २०,००० विटा निम्म्या भावाने दिल्या होत्या. बाजारात वीट ४ रुपयांना होती, आम्हाला २ रुपयांना पडली. आमचे ४०,००० रुपये वाचले. आभारप्रदर्शनात त्याचे नाव मीच वाचले होते आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यातली सगळ्यात जोरात टाळी माझी असावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. देव रागावतो का?

रागावणारा देव नको वाटणे हे काही आजच्या काळाचे नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक श्रीमंत माणूस काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे गावाहून रोमला आला. त्याचे म्हणणे असे की, जुन्या करारातला न्याय करणारा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. त्याने जुना करार बाजूला सारला आणि नव्यातलाही बराच भाग कापला. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. त्याने मंडळीला २ लाख रोमन नाणी देणगी दिली होती. तर्तुल्यन लिहितो की मंडळीने ती सगळी रक्कम त्याला परत केली. हे वाचताना मला आमच्या विटा आठवल्या, पण त्याविषयी पुढे बोलतो.

मार्सियनला मंडळीने का नाकारले? न्याय नसलेला देव सुखवस्तू माणसाला परवडतो म्हणून. ज्याचे काही लुबाडले गेलेले नाही त्याला 'देव कोणावर रागावत नाही' हे वाक्य गोड लागते. ज्याच्या वहीत उचल दोनदा वजा झाली आहे त्याने ते ऐकले, तर त्याच्या कानावर एवढेच पडते की, तुझे काय झाले याची देवाला फिकीर नाही.

तुमच्या मुलाला रस्त्यात कोणी विनाकारण मारले आणि तुम्ही शांतपणे चहा पीत बसलात, तर शेजारी तुम्हाला प्रेमळ म्हणणार नाहीत. ते म्हणतील, याला मुलाची माया नाही. देवाचा क्रोध म्हणजे त्याच्या मायेचीच दुसरी बाजू. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात विधवा आणि पोरकी मुले यांच्याविषयीची आज्ञा आहे. त्यांना छळाल तर ती माझ्याकडे ओरडतील, मी ऐकेन आणि माझा राग पेटेल, अशा अर्थाचे देव तेथे बोलतो. त्याच अध्यायात थोडे पुढे गहाण ठेवलेल्या पांघरुणाची गोष्ट आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करायचे, कारण रात्री त्याने काय पांघरावे? विश्वाचा निर्माता एका गरिबाच्या पांघरुणाची काळजी करतो, आणि त्याचा राग तेथूनच सुरू होतो.

आमोस संदेष्ट्याचेही तेच. तो तकोवाचा मेंढपाळ, ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातला. इस्राएलात तेव्हा दुसऱ्या यराबामाचे राज्य होते, भरभराट होती आणि बेथेलचे मंदिर भरलेले असे. त्या गर्दीत उभे राहून आमोस बोलला ते मापांविषयी. धान्याचे माप लहान, पैशाचे वजन मोठे, तराजू खोटा, आणि धान्यात भुसा. एका जोड्याच्या किमतीला गरीब विकला जातो. तुमच्या सणांचा आणि गाण्यांचा मला वीट आला आहे, असे देवाने त्या भक्तांना त्याच्या तोंडून कळवले. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर रोखून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तिचा आवाज देवाच्या कानी जातो. म्हणजे आजींची वही कपाटात असो की गाठोड्यात, देवाच्या दरबारात ती आधीच उघडलेली आहे.

मग हा राग आपल्या रागासारखा आहे का? नाही. आपण म्हणतो, अमक्याच्या नाकावर राग असतो. गंमत म्हणजे इब्री भाषेतही राग नाकातच राहतो. नाक आणि राग या दोन्हींसाठी तेथे एकच शब्द आहे. आपल्या शास्त्रात देवाला 'मंदक्रोध' म्हटले आहे. मूळ इब्रीत तेथे जे म्हटले आहे त्याचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा' असा होतो. म्हणजे त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला नाही, त्याला पोचायला वेळ लागतो. त्या वेळात माणसाने मागे फिरावे अशी देवाची इच्छा असते. निनवेला त्याने चाळीस दिवस दिले. निनवे वाचली तेव्हा रागावला तो योना, देव नव्हे. आपला राग आपल्या अहंकारासाठी असतो, त्याचा राग त्याच्या लेकरांसाठी असतो. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू रागाने सभोवार पाहतो, आणि त्याच वाक्यात त्याला दुःखही होते. समोर वाळलेल्या हाताचा माणूस उभा आहे आणि लोक शब्बाथाचा नियम मोजत बसले आहेत. राग आणि दुःख एकाच वेळी. हे ज्याला जमत नाही त्याने देवाच्या रागाची भाषा जपून वापरावी.

येथे मला आपल्यापैकी काही उपदेशकांना नम्रपणे एक गोष्ट सांगायची आहे. वाडीवर कोणाचे मूल आजारी पडले, कोणाचे घर वादळात उडाले, तर 'हा देवाचा कोप आहे' असे कृपा करून सांगू नका. मी हे माझ्या कानांनी ऐकले आहे. मूल गेलेल्या आईला ते ऐकवले गेले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक पापी होते का, असे विचारून प्रभूने स्वतःच 'नाही' म्हटले. जन्मांधाच्या बाबतीतही कोणाचे पाप शोधायला त्याने नकार दिला. संदेष्ट्यांनी देवाच्या क्रोधाचा शब्द उच्चारला तो बहुतेक वेळा राजासमोर, याजकासमोर, व्यापाऱ्यासमोर. आपण तो अनेकदा उलटा फिरवला. दुबळ्याला त्याने घाबरवले आणि बळकटाला त्यातून सूट दिली. हा देवाच्या नावाचा गैरवापर आहे.

दुसरी सावधगिरी सूडाविषयी. देव रागावतो म्हणून आपणही काठी उचलावी का? पौल रोमकरांस पत्रात सांगतो की सूड देवावर सोपवा. मिरोस्लाव व्होल्फ हे ईश्वरविज्ञानाचे नावाजलेले अभ्यासक मूळचे क्रोएशियाचे. देवाने रागावणे हे देवाला शोभत नाही असे त्यांनाही एके काळी वाटे. मग १९९० नंतर युगोस्लाव्हियात युद्ध पेटले. त्यांच्या स्वतःच्या देशात माणसे मारली गेली, गावे उठली. तेव्हा त्यांना उमगले की एवढे पाहून जो देव रागावत नाही, त्याची उपासना करता येणार नाही. ते असेही सांगतात की, खरा न्यायाधीश वर आहे असा विश्वास असला तरच लुबाडलेला माणूस आपल्या हातातले हत्यार खाली ठेवू शकतो. मला हे पटते. वाडीवरची माणसे इतके सोसूनही सूडाची भाषा बोलत नाहीत. पण म्हणून त्यांना न्याय नको आहे, असा सोयीचा अर्थ आपण काढू नये.

आता माझी गोष्ट पुरी करतो.

वही मिटल्यानंतर दोन-अडीच महिने गेले. महिला संघाच्या सभेत मला नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर बोलायला सांगितले होते. १ राजे, एकविसावा अध्याय. तयारीला बसलो. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अहाब राजाला नाबोथाचा मळा भाजीच्या बागेसाठी हवा होता. नाबोथाने वाडवडिलांचे वतन द्यायला नकार दिला. राणी ईजबेलने तलवार उपसली नाही. तिने पत्रे लिहिली, राजाची मोहर लावली, उपास जाहीर करायला लावला आणि दोन साक्षीदार उभे केले. सगळे कागदोपत्री झाले. नाबोथ दगडमार होऊन मेला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकावरून कळते की त्याचे मुलगेही गेले.

मी नेहमीप्रमाणे स्वतःला एलीयाच्या जागी ठेवून वाचत होतो. उपदेशकाला ती सवय असते. त्या दिवशी अकराव्या वचनापाशी अडलो. त्या गावच्या वडीलजनांनी पत्रात लिहिल्याप्रमाणे केले, असे तेथे आहे. त्यांची नावे दिलेली नाहीत. ते दुष्ट होते असेही लिहिलेले नाही. ते मंडळीतले प्रतिष्ठित लोक होते. राजवाड्याशी त्यांचे संबंध चांगले होते आणि कदाचित राजाच्या देणगीतून त्यांच्याही गावात काही बांधकाम झाले असेल. त्यांना नाबोथ माहीत होता, साक्षीदार खोटे आहेत हेही माहीत असणार. त्यांनी कागद वाचला आणि मिटला. मी त्यांच्यात बसलेलो होतो.

तेव्हा मला देवाच्या क्रोधाचा अर्थ प्रथम कळला असे म्हणतो. वीज पडली नाही, आजार आला नाही. एवढेच झाले की प्रार्थनागृहात गेलो की मला भिंत दिसायची. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो असे पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. आमच्या देवाच्या घराच्या भिंतीतच ती बाकी चिणलेली होती.

मी समितीपुढे सगळे सांगितले. चर्चा तापली. एक जण म्हणाले, दान ते दान, त्याचा उगम आपण शोधायचा नसतो. दुसरे म्हणाले, मग प्रत्येक देणगीदाराची चौकशी करणार का? खजिनदारांनी विचारले, पैसे परत द्यायचे तर द्यायचे कोणाला? हा प्रश्न खरा होता. मार्सियनचे पैसे मार्सियनला परत करता आले. आमचे वाचलेले ४०,००० शेठचे नव्हतेच. शेवटी असे ठरले की, तेवढी रक्कम आम्ही आपापसांत गोळा करायची आणि त्या वाडीतून त्या भट्टीवर गेलेल्या जोडप्यांना द्यायची. अशी अकरा जोडपी होती.

पण त्याआधी पाळकसाहेब आणि मी शेठकडे गेलो. तो राक्षस नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. त्याने चहा दिला, मुनीमाला बोलावले, वही पाहिली आणि म्हणाला, "चूक झाली." आजींच्या मुलाचा हिशोब त्याने तेथेच दुरुस्त केला आणि ६,००० रुपये मोजून दिले. बाकीच्यांच्या वह्या आणा म्हणाला. अकरापैकी सात जणांकडे वह्या होत्या. चार जणांच्या वह्या भट्टीवरच राहिल्या होत्या आणि त्या पुन्हा सापडल्या नाहीत. सातांपैकी पाचांत चुका निघाल्या. त्याने त्या कमीअधिक भरून दिल्या.

येथे गोष्ट संपली असती तर ती सांगायला सोपी गेली असती. पुढच्या दिवाळीनंतर त्या वाडीवर टेम्पो आलाच नाही. हिशोब विचारणाऱ्या वाडीला कोणी उचल देईना. काही कुटुंबे फार लांबच्या भट्टीवर गेली, काही जण रेतीच्या कामाला लागले. एक तरुण मला स्पष्ट म्हणाला, "गुरुजी, तुमचं मन मोकळं झालं, आमचं काम गेलं." मला उत्तर नव्हते. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणे गुन्हा आहे आणि असे कर्ज कायद्याने रद्द होते, हे मी त्याला सांगू शकलो असतो. पण पावसाळ्यात कायदा शिजवून खाता येत नाही.

अहाबाच्या गोष्टीचा शेवट पुष्कळदा वाचायचा राहून जातो. एलीयाचे शब्द ऐकून अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला, आणि देवाने त्याच्या हयातीत येणारी शिक्षा पुढे ढकलली. देव इतका मंदक्रोध आहे की अहाबासारख्याचे अश्रूही त्याला दिसतात. मात्र त्याने मळा परत केल्याचा उल्लेख नाही. जक्कयाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचा. प्रभू त्याच्या घरी जेवायला आला, त्याने एक शब्दही रागाचा काढला नाही, आणि जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेले चौपट परत करतो. तारण त्याच्या घरी आले ते हिशोबाची वही घेऊन आले. लेंटमध्ये आपण अहाबाइतका पश्चात्ताप सहज करतो. उपास करतो, रडतोही. जक्कयापर्यंत पोचायला चाळीस दिवस पुरत नाहीत.

मग आपल्याला आशा कसली? कारण माझा हिशोब मी कधीच पुरा फेडू शकणार नाही. चार वह्या हरवल्या त्या हरवल्याच. येथे मी वधस्तंभाकडे पाहतो. संदेष्ट्यांनी देवाच्या क्रोधाला प्याल्याची उपमा दिली आहे. यशया, यिर्मया यांच्यात तो प्याला आहे. गेथशेमाने बागेत प्रभू रात्री प्रार्थना करतो ती याच प्याल्याविषयी, तो टळावा म्हणून. काही जण असे चित्र रंगवतात की पिता रागाने तापलेला आणि पुत्र मध्ये पडून आपल्याला वाचवणारा. हे चित्र बरोबर नाही. पौलाने करिंथकरांना लिहिले आहे की देव ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. न्यायाधीश स्वतः आसनावरून उतरला आणि आरोपीच्या जागी उभा राहिला. त्याने आपला न्याय सोडला नाही आणि आपल्यालाही सोडले नाही. खोटे साक्षीदार, मोहर लागलेले कागद, हात धुणारा पिलात, यांच्यामधून जाऊन तो नाबोथासारखा वेशीबाहेर मेला. म्हणून लुबाडलेल्या माणसाला तो आपला वाटतो. लुबाडणाऱ्यालाही त्याच्याकडे येता येते, पण हात झाकून येता येत नाही.

प्रभुभोजनाच्या वेळी आपल्या हाती जो प्याला येतो तो आशीर्वादाचा असतो, कारण दुसरा प्याला त्याने घेतला. तो हाती घेताना आपल्या घरच्या कामवाल्या बाईचा पगार किती महिन्यांचा थकला आहे, हे आठवले तर ते सैतानाचे विघ्न समजू नका. बहुधा तो पवित्र आत्मा असतो.

समितीने जमवलेले ४०,००० रुपये आम्ही वाडीवर नेऊन अकरा घरांत सारखे वाटले. आजींनी आपल्या वाटणीच्या नोटा दोनदा मोजल्या. मी म्हणालो, "आजी, तुम्ही विचारलं होतं ना, देव शेठवर रागावतो का? रागावतो. माझ्यावरही रागावला होता."

आजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांना फार आश्चर्य वाटलेले दिसले नाही. नोटा पदराला बांधत त्या म्हणाल्या, "बरं झालं. पन पुढल्या सालचा हिशोब कोन बघंल?"

देवाच्या न्यायावर मी बरीच पुस्तके वाचली आहेत. त्या प्रश्नाच्या पुढे जाणारे एकही मला मिळाले नाही.

त्यानंतर आपल्या सेवाकार्यातल्या काही जणांनी एक साधे काम सुरू केले. दिवाळीआधी वाडीवर जाऊन प्रत्येक जोडप्याला स्वतःची वही द्यायची. लिहिता येणाऱ्या मुलामुलींना आठवड्याच्या विटा आणि खर्ची मांडायला शिकवायचे. मे महिन्यात हिशोबाच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन बसायचे. भांडायचे नाही, फक्त शेजारी बसून बेरीज करायची. आपल्या माणसांसमोर बेरीज सहसा चुकत नाही, असा आमचा अनुभव आहे. आणि पावसाळ्यात उचल घ्यावी लागू नये म्हणून धान्याची छोटी मदत लागते. त्या तरुणाच्या बोलण्यातून आम्ही एवढे शिकलो. टेम्पो थांबवण्याआधी चूल पेटती राहील असे पाहायला हवे होते. ते आम्ही उशिरा केले.

येत्या मे महिन्यात आम्हाला बेरीज-वजाबाकी येणारी माणसे हवी आहेत. पदवीची अट नाही. भट्टीवर ऊन फार असते, एवढे सांगून ठेवतो. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी आज रात्री घरी जाऊन आपली स्वतःची वही उघडावी. आपल्याकडे कोणाचे काय राहिले आहे ते पाहावे, आणि पुनरुत्थानाच्या सकाळपूर्वी ते देऊन टाकावे. सूर्यास्तापूर्वी पांघरूण परत करायला सांगणारा तोच देव आहे.

आजी आता थकल्या आहेत. गेल्या महिन्यात भेटलो तेव्हा त्यांची नात बाहेर ओट्यावर बसून वहीत आकडे मांडत होती. मी डोकावलो तर तिने वही पटकन मिटली आणि म्हणाली, "अजून बेरीज व्हायची आहे, गुरुजी."

मला वाटते, आपल्या सगळ्यांचे तसेच आहे. बेरीज व्हायची आहे. ती करणारा न्यायी आहे, आणि तो आपल्यावर प्रेम करतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणूनच मी त्याच्यापुढे उभा राहू शकतो.

प्रभू आपल्याला खरे मोजण्याची आणि खरे देण्याची कृपा देवो. आमेन.